पाण्याचा हिशेब चौकात व्हावा

(वागळे इस्टेट, ठाणे येथे शिक्षक, अधिकारी, सार्वजनिक मंडळांचे कार्यकर्ते आणि परिसरातील ग्रामपंचायतींचे सदस्य यांच्या मेळाव्यात केलेले भाषण)



पाणी वाचवा, एवढेच सांगण्यासाठी मी येथे उभा राहिलो, तर आपल्यापैकी पुष्कळजण मनातल्या मनात म्हणतील की, हे वाक्य तर आम्ही शाळांच्या आणि कार्यालयांच्या भिंतींवर रोजच वाचतो. त्यांचे म्हणणे खोटे नाही. पाणी जपून वापरावे हे न पटलेला माणूस आज शोधूनही सापडणार नाही. तरीही नळ गळतात, टाक्या वाहतात आणि उन्हाळा आला की टँकरमागे रांगा लागतात. तेव्हा पाणी वाचवावे की नाही, हा आजचा प्रश्न नाही. पटलेली गोष्ट अंगवळणी कशी पडावी, आणि त्यासाठी आपले चौक, मैदाने, मांडव आणि तलावांचे काठ यांचा उपयोग कसा करून घ्यावा, हा आजच्या बोलण्याचा विषय आहे. मी आयुष्यभर मुलांना गणित शिकविले. त्यामुळे माझे बोलणे थोडे हिशेबाच्या अंगाने जाईल, ते आपण गोड मानून घ्यावे.

एक फसलेले भाषण

प्रारंभी माझ्या एका चुकीची गोष्ट सांगतो. बऱ्याच वर्षांपूर्वी याच परिसरातील एका मंडळाने गणेशोत्सवात मला व्याख्यानासाठी बोलाविले होते. विषय पाण्याचाच होता. मी चांगली चाळीस मिनिटे बोललो. नद्या, धरणे, पर्जन्यमान, पूर्वजांची दूरदृष्टी, सर्व काही त्यात होते. टाळ्याही पडल्या. मी खाली बसलो आणि पुढच्याच रांगेतील एक वृद्ध बाई उठून म्हणाल्या, "मास्तर, मांडवामागचा नळ तुम्ही बोलायला उभे राहिल्यापासून वाहतोय. तो कोण बंद करणार?"

सभेत हशा पिकला. मला मात्र हसू आले नाही. मी उठून मांडवामागे गेलो. नळ पुरता पिळूनही धार थांबेना. आतील वॉशर झिजलेला होता. चाळीस मिनिटे मी पाण्याविषयी बोलत होतो आणि तेवढा वेळ पाणी माझ्या पाठीमागून गटारात जात होते.

पुढील वर्षी त्याच मंडळाने पुन्हा बोलाविले. या खेपेस मी भाषण केले नाही. मांडवाजवळचा असाच एक गळका नळ हुडकून काढला. आरती सुरू होताना त्याखाली वीस लिटरची रिकामी बादली ठेवली. धार करंगळीएवढीही नव्हती. आरत्या, मंत्रपुष्पांजली आटोपून वीसेक मिनिटांनी ती बादली दोन मुलांनी उचलून लोकांसमोर आणली. ती काठोकाठ भरलेली होती. मग फळ्यावर हिशेब मांडला. वीस मिनिटांत वीस लिटर, म्हणजे मिनिटाला एक लिटर. तासाला साठ लिटर. आणि टाकीत पाणी असेपर्यंत ही धार चालू राहिली, तर दिवसाला एक हजार चारशे चाळीस लिटर. शहरात दर माणशी दररोज १३५ लिटर पाणी मिळावे, असे आपल्या देशातील नियोजनाचे प्रमाण आहे. याचा अर्थ, तो एक नळ दहा माणसांचे पाणी पीत होता. गणपतीच्या दहा दिवसांत तो चौदा हजार लिटरांहून अधिक, म्हणजे दहा हजार लिटरच्या टँकरपेक्षाही जास्त पाणी, कोणाच्याही नकळत वाहवून टाकणार होता.

त्या रात्री टाळ्या पडल्या नाहीत. परंतु कारखान्यात फिटर म्हणून काम करणारा एक तरुण उठला, घरून पाना घेऊन आला आणि सर्वांच्या देखत त्याने वॉशर बदलला. त्याला लागलेला खर्च एका कटिंग चहापेक्षा फारसा अधिक नव्हता. त्या दिवसापासून मी एक गोष्ट शिकलो. सभेत सांगितलेले पाणी लोक विसरतात. सभेत मोजलेले पाणी ते विसरत नाहीत.

उद्योगनगरीतील तहान

वागळे इस्टेट हे नाव महाराष्ट्राच्या औद्योगिक इतिहासात मानाचे आहे. १९६१ च्या कायद्यान्वये १ ऑगस्ट १९६२ रोजी महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना झाली आणि महामंडळाची पहिली औद्योगिक वसाहत म्हणून वागळे इस्टेट उभी राहिली. कोकणातून, घाटावरून, पुढे परप्रांतांतून कामगार येथे आले. किसननगर, श्रीनगर, हाजुरी, लोकमान्यनगर, इंदिरानगर अशा वस्त्या वाढत गेल्या. आज अनेक कारखान्यांच्या जागी कार्यालये आणि माहिती तंत्रज्ञानाच्या इमारती दिसतात. चाळींच्या जागी उंच इमले आले आहेत. माणसे वाढली, माणशी लागणारे पाणीही वाढले.

हे पाणी येते कोठून? ठाणे शहराला चार वाटांनी पाणी मिळते : महापालिकेची स्वतःची योजना, स्टेम प्राधिकरण, औद्योगिक विकास महामंडळ आणि मुंबई महापालिका. या चारही वाटा शेवटी सह्याद्रीच्या कुशीत, भातसा, उल्हास, बारवी, तानसा, वैतरणा यांच्या खोऱ्यांत जाऊन पोहोचतात. कल्याण-डोंबिवलीचीही भिस्त उल्हास नदीवरच आहे. म्हणजे नळ आपल्या घरात असला, तरी पाणी आपल्या घरचे नाही. ते शहापूर, मुरबाडच्या डोंगरांवर पडलेल्या पावसाचे आहे.

येथे एका कटू वस्तुस्थितीचा उल्लेख केल्यावाचून राहवत नाही. ज्या शहापूर तालुक्यात भातसा आणि तानसा ही धरणे आहेत, त्याच तालुक्यातील अनेक पाड्यांना दर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. 'धरण उशाला आणि कोरड घशाला' ही म्हण तेथील भगिनी रोज जगतात. आपल्या सोसायटीची गच्चीवरील टाकी पहाटे भरून वाहू लागते, तेव्हा त्या पाड्यावरची एखादी बाई डोक्यावर हंडा घेऊन उतार उतरत असते. या दोन चित्रांमध्ये एकच नळी आहे, एवढे जरी आपण ध्यानात ठेवले, तरी पुष्कळ काम होईल.

आणि हे सर्व अशा शहरात घडते, जेथे वर्षाला सरासरीने सुमारे अडीच हजार मिलिमीटर पाऊस पडतो. शंभर चौरस मीटरच्या छपरावर इतक्या पावसात अडीच लाख लिटर पाणी पडते. गळती, बाष्पीभवन वजा जाता त्यातील दोन लाख लिटर हाती लागले असे धरले, तर चार माणसांच्या कुटुंबाला माणशी १३५ लिटर दराने ते वर्षभर पुरेल. अर्थात एका छपराखाली एकच कुटुंब राहत नाही, आणि चार महिन्यांत पडलेले पाणी वर्षभर साठवायला जागाही नसते. म्हणून ते गाळून जमिनीत मुरविणे, कूपनलिका आणि विहिरी यांना पुनर्भरण देणे, हा व्यवहार्य मार्ग होय. मोठ्या भूखंडांवरील बांधकामांना अशी व्यवस्था करणे नियमानेच आवश्यक केले आहे. प्रश्न इतकाच की, कागदावर असलेली ती नळी पावसाळ्यापूर्वी कोणी साफ करून घेतो काय?

चौकाची जुनी शिकवण

सार्वजनिक जागी लोकांना एकत्र आणून समाजकार्य करणे ही महाराष्ट्राला नवी गोष्ट नाही. लोकमान्य टिळकांनी १८९३ साली गणेशोत्सवाला सार्वजनिक रूप दिले, तेव्हा देवघरातील उत्सव चौकात आला आणि त्याबरोबर देशाचा प्रश्नही चौकात आला. संत गाडगेबाबा गावात आले की प्रथम हातात खराटा घेत. दिवसा गाव झाडीत आणि रात्री त्याच गावात कीर्तन करीत. त्यांच्या कीर्तनाला वजन आले ते सकाळच्या खराट्यामुळे. आधी कृती आणि मग शब्द, हा क्रम त्यांनी कधी उलटा केला नाही. राज्य शासनाने ग्रामस्वच्छता अभियानाला त्यांचे नाव दिले, ते उचितच झाले.

शहरातील पाण्याच्या प्रश्नावर स्त्रियांना संघटित करण्याचे श्रेय मृणालताई गोरे यांना द्यावे लागेल. गोरेगावच्या वस्त्यांतील स्त्रियांना घेऊन त्या पाण्यासाठी लढल्या आणि लोकांनी त्यांना 'पाणीवाली बाई' हे नाव बहाल केले. विद्यापीठाच्या पदवीहूनही हे नाव मोठे आहे, असे मी मानतो.

ग्रामीण भागातील उदाहरणे तर अधिकच बोधप्रद आहेत. १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी पुरंदर तालुक्यातील नायगाव येथून पाणी पंचायतीचे कार्य उभे केले. पाण्याचा वाटा जमिनीच्या प्रमाणात नव्हे, तर कुटुंबातील माणसांच्या संख्येनुसार मिळावा, आणि भूमिहीनांनाही तो मिळावा, हे तत्त्व त्यांनी मांडले. उसासारख्या तहानलेल्या पिकाला त्यांनी मज्जाव केला. अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यातील हिवरे बाजार या गावात पोपटराव पवार यांच्या नेतृत्वाखाली पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेपुढे मांडला जातो. पाऊस किती झाला, जमिनीत किती मुरला, माणसांना व गुरांना किती लागेल आणि शेतीला किती उरेल, याचा हिशेब भर सभेत होतो आणि त्यानुसार कोणती पिके घ्यावीत हे ठरते. त्या गावचा पाऊस चारशे मिलिमीटरच्या आसपास, आपला त्याच्या सहापट. तरी हिशेब ते करतात, आपण करीत नाही. येथे उपस्थित असलेल्या पंचायत सदस्यांना मी सांगेन की, या बाबतीत शहराने गावाकडे शिकायला जावे, अशी स्थिती आहे.

परदेशातील एकच उदाहरण देतो. दक्षिण आफ्रिकेतील केपटाऊन शहरावर २०१८ साली नळ बंद होण्याची पाळी आली होती. १ फेब्रुवारी २०१८ पासून तेथे माणशी दररोज पन्नास लिटरची मर्यादा घालण्यात आली. कोणत्या घरांत पाणी मर्यादेत वापरले जाते, हे दाखविणारा नकाशाच नगरपालिकेने प्रसिद्ध केला. शहराचा वापर काही वर्षांपूर्वीच्या तुलनेत निम्म्याच्या आसपास खाली आला आणि तो दिवस टळला. हिशेब उघड्यावर आला की माणसे वागणूक बदलतात, हाच याचा बोध.

सण आपलेच, संधीही आपलीच

आता आपल्या परिसराकडे वळू. लोकांना एकत्र आणण्यासाठी निराळा खटाटोप करण्याची गरजच नाही. आपले पंचांग ते काम वर्षभर करीत असते. प्रत्येक प्रसंगाला साजेसे पाण्याचे एकच काम जोडावे, एवढीच माझी सूचना आहे.

जानेवारीत संक्रांतीचे हळदीकुंकू असते. घरचे पाणी प्रत्यक्ष भरणाऱ्या, साठविणाऱ्या स्त्रिया त्या दिवशी एकत्र येतात. वाण म्हणून दरवर्षी प्लॅस्टिकची डबी देण्यापेक्षा एखाद्या वर्षी पिंपातून पाणी काढण्यासाठी लांब दांड्याचे ओगराळे द्यावे, आणि त्यासोबत 'शिळ्या पाण्या'विषयी दोन शब्द बोलावेत. नवे पाणी आले की कालचे शिळे म्हणून ओतून देण्याची आपल्याकडे सवय आहे. शंभर बिऱ्हाडांच्या चाळीत प्रत्येक घरी रोज दोन हंडे, म्हणजे साधारण तीस लिटर, ओतले गेले तर तीन हजार लिटर होतात. झाकून ठेवलेले, हात न घातलेले स्वच्छ पाणी एका दिवसात खराब होत नाही. मात्र आठवड्यातून एकदा पिंप रिकामे करून, घासून, कोरडे करणे डेंग्यूचा डास रोखण्यासाठी आवश्यक आहे. त्या दिवशीचे पाणी धुण्याभांड्याला वापरावे. गटाराला देऊ नये.

मार्च महिन्यात होळी आणि धुळवड येते. २०१६ च्या दुष्काळात अनेक मंडळांनी आणि सोसायट्यांनी पाण्याविना, कोरड्या रंगांनी धुळवड खेळून दाखविली. दुष्काळाच्या वर्षी जे साधले ते इतर वर्षी का साधू नये? दहीहंडीच्या वेळी गोविंदांवर पाण्याचे फवारे सोडले जातात, त्याबद्दलही मंडळांनी आपापसांत विचार करावा. थरांची उंची पाण्याच्या टँकरवर अवलंबून नसते.

नंतर येतो गुढीपाडवा. नववर्ष स्वागतयात्रेची प्रथा डोंबिवलीत श्री गणेश मंदिर संस्थानाने १९९९ साली सुरू केली आणि ती आज राज्यभर पसरली आहे, ही आपल्या भागाच्या अभिमानाची गोष्ट आहे. ठाण्यातही श्री कौपिनेश्वर मंदिराच्या परिसरातून निघणाऱ्या यात्रेत सामाजिक संदेश देणारे चित्ररथ असतात. पाडवा नेमका टंचाईच्या उंबरठ्यावर येतो; २२ मार्चचा जागतिक जलदिनही त्याच सुमारास असतो. चित्ररथावर कोरडी विहीर आणि रडणारी पृथ्वी दाखविणे पुरे झाले. त्याऐवजी आपल्या वॉर्डात गेल्या वर्षी किती गळके नळ दुरुस्त झाले, त्याचा फलक रथावर लावावा. लोक तो थांबून वाचतील.

भाद्रपदात गणेशोत्सव येतो. रायलादेवी तलाव हा वागळे इस्टेटचा खरा जुना रहिवासी. मासुंदा, कचराळी, उपवन यांच्यासारखाच तोही 'तलावांचे ठाणे' या नावाचा एक आधार आहे. विसर्जनाने तलाव दूषित होऊ नयेत, म्हणून महापालिका कृत्रिम हौदांची व्यवस्था करते, आणि ठाणेकरांनी तिला चांगला प्रतिसाद दिला आहे. ज्या समाजाने शेकडो वर्षांची विसर्जनाची रीत तलावासाठी बदलली, तो नळाची चकती बदलणार नाही, असे मानण्याचे कारण नाही. दिवाळीनंतर तलावांच्या काठी आपले उत्तर भारतीय बांधव छठपूजेसाठी जमतात. तीही पाण्याची आणि सूर्याची पूजा आहे. पाण्याचा विषय तेथे त्यांच्या भाषेत, त्यांच्याच माणसांकडून मांडला जावा.

नवरात्र येते ते पावसाळा सरताना. धरणांतील १५ ऑक्टोबरचा साठा पाहून पुढील वर्षाच्या पाण्याचे नियोजन करण्याची आपल्या राज्यात पद्धत आहे. त्याच दिवसांत वॉर्डावॉर्डांत पाण्याचा ताळेबंद मांडण्याची प्रथा सुरू करता येईल. ग्रामसभेप्रमाणे शहरातही क्षेत्रसभेची तरतूद २००९ च्या कायद्याने झालेली आहे. सभा कायद्यात आहे, मांडव दारात आहे. दोहोंची गाठ घालून देणे तेवढे बाकी आहे.

सभा कशी घ्यावी?

अनुभवाने उमगलेल्या काही गोष्टी कार्यकर्त्यांपुढे ठेवतो.

पहिली गोष्ट, सभा दहा मिनिटांची असावी. आरतीपूर्वीची किंवा प्रसाद वाटण्यापूर्वीची दहा मिनिटे लोक आनंदाने देतात. अकरावे मिनिट ते देत नाहीत. दुसरी गोष्ट, साहित्य तीनच असावे : एक बादली, एक लिटरचे माप आणि एक फळा. ध्वनिक्षेपकाशिवायही काम चालते. तिसरी गोष्ट, एका सभेत एकच काम सांगावे. आज गळके नळ, तर पुढच्या खेपेस टाकीचा बॉलकॉक. त्यानंतर पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रातून वाया जाणारे पाणी. घरोघरी बसविलेली 'आरओ' यंत्रे जेवढे शुद्ध पाणी देतात, त्याहून अधिक बाहेर टाकतात, हे पुष्कळांना ठाऊकच नसते. ते पाणी फरशी पुसायला, संडासात टाकायला चालते. दहा कामे एकदम सांगितली की अकरावे घडते : लोक उठून घरी जातात.

चौथी गोष्ट फार महत्त्वाची. पुढच्या सभेत मागच्या सभेचा हिशेब झालाच पाहिजे. किती घरे तपासली, किती नळ गळके निघाले, किती दुरुस्त झाले, हे तीन आकडे फळ्यावर यावेत. ज्यांनी दुरुस्ती केली त्यांची नावे वाचून दाखवावीत. ज्यांनी केली नाही त्यांची नावे कदापि वाचू नयेत. चारचौघांत अपमान झालेला माणूस नळ दुरुस्त करीत नाही, सभेला येणे मात्र सोडतो.

पाचवी गोष्ट, दुरुस्तीचा हात सभेतच हजर असावा. या बाबतीत आपल्याच जिल्ह्यातील एक उदाहरण आहे. मीरा रोड येथे राहणारे ज्येष्ठ लेखक व व्यंगचित्रकार आबिद सुरती यांनी २००७ पासून एक नळ कारागीर बरोबर घेऊन घरोघर जाऊन गळके नळ विनामूल्य दुरुस्त करून देण्याचे व्रत घेतले. एका साहित्यिकाला मीरा रोडच्या इमारतींत जे करता आले, ते वागळे इस्टेटला अवघड का असावे? येथे पाना आणि पक्कड हातात धरून ज्यांची हयात गेली, असे फिटर, टर्नर गल्लोगल्ली आहेत. याच परिसरात शासनाची औद्योगिक प्रशिक्षण संस्था आहे. निवृत्त कामगार आणि शिकाऊ मुले यांचे एक नळदुरुस्ती पथक प्रत्येक मंडळाने उभे करावे. मांडवाच्या वर्गणीतील अत्यल्प भाग वॉशर आणि टेफलॉन पट्टी यांना पुरेसा होईल.

शिक्षक बंधुभगिनींनी मुलांकरवी नळांची पाहणी करून घ्यावी. मूल घरातला नळ मोजू लागले की त्याच्या गणिताला अर्थ येतो, आणि घरातील मोठ्या माणसांनाही स्वस्थ बसवत नाही.

एका मावशींचा प्रश्न

आता एका आक्षेपाला उत्तर देणे मला कर्तव्य वाटते. एका वस्तीतील अशाच सभेत एक मावशी मला म्हणाल्या होत्या, "मास्तर, आमच्याकडे पाणी रात्री दोनला येतं. दोन पिंपं भरेपर्यंत जातं. त्यातलं आम्ही वाचवायचं तरी काय?"

या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते, आणि नसावे हेच योग्य होते. ज्याला मुळातच चाळीस लिटर मिळते त्याला काटकसरीचा उपदेश करणे म्हणजे उपाशी माणसाला एकादशीचे माहात्म्य सांगणे होय. जलबचतीची सभा प्रथम जेथे टाक्या वाहतात तेथे झाली पाहिजे. जेथे मोटारी धुतल्या जातात, बागांना पिण्याचे पाणी घातले जाते आणि मुख्य जलवाहिनीला थेट पंप लावून शेजाऱ्याचा वाटा ओढला जातो, तेथे झाली पाहिजे. असा पंप लावणे हे केवळ शेजाऱ्यावर अन्याय करणारे नाही, तर घातकही आहे. रिकाम्या नळीत पोकळी निर्माण होऊन आसपासच्या गटाराचे पाणी फटींतून आत ओढले जाते आणि कावीळ, हगवण घरात येते. वस्तीतील सभेत मात्र पाणी वाचविण्यापेक्षा पाणी झाकण्याची, जपण्याची आणि वेळेवर मिळविण्याची चर्चा व्हावी. दोन्ही सभा एकाच दिवशी, एकाच मांडवात झाल्या तर अधिकच चांगले. उंच इमारतीतील गृहस्थाने रात्री दोनच्या पाण्याची हकीकत मावशींच्या तोंडून ऐकावी, यापेक्षा परिणामकारक व्याख्यान मला माहीत नाही.

कार्यालयाचाही शब्द हवा

उपस्थित अधिकाऱ्यांना एक विनंती आहे. सभेत लोक शब्द देतात, तेव्हा कार्यालयानेही शब्द द्यावा. केंद्र शासनाच्या नगरविकास मंत्रालयाने २००८ साली पाणीपुरवठ्याचे जे निकष ठरविले, त्यांत हिशेबाबाहेर जाणाऱ्या पाण्याचे प्रमाण २० टक्क्यांपेक्षा अधिक असू नये, असे म्हटले आहे. घरातील नळ नागरिकाने दुरुस्त करावा. रस्त्याखालची नळी त्याच्या हातात नाही. फुटलेल्या जलवाहिनीची तक्रार केल्यावर ती किती दिवसांत दुरुस्त होईल, पाणी कोणत्या वेळी येईल, आणि वेळ बदलल्यास कळविण्याची सोय काय, या तीन गोष्टी कनिष्ठ अभियंत्याने मांडवात येऊन सांगाव्यात. लोकांचा फळा एका बाजूस आणि कार्यालयाचा फळा दुसऱ्या बाजूस असावा. एकाच फळ्यावर हिशेब चालला की तो हळूहळू बंद पडतो, हा माझा अनुभव आहे.

समारोप

शेवटी एका आठवणीचा उल्लेख करून थांबतो. मार्च २०१६ मध्ये लातूर शहरात पाण्याची इतकी तीव्र टंचाई झाली की, पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदीचा आदेश काढावा लागला. पुढे एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले. पहिल्या गाडीने पाच लाख लिटर पाणी नेले. त्या काळात अधिकाऱ्यांनी आणि रेल्वे कर्मचाऱ्यांनी केलेले कष्ट मोठे होते. परंतु विचार करण्यासारखी गोष्ट ही की, पाणी संपू लागले तेव्हा पाण्याच्या जागी लोकांनी एकत्र जमणे हाच धोका ठरला.

पाण्यासाठी लोक जमणारच आहेत. पाणी असताना मांडवात जमावे, की पाणी संपल्यावर टाकीभोवती जमावे, एवढीच निवड आपल्या हातात आहे. आज आपल्या धरणांत पाणी आहे, आपल्या चौकात जागा आहे आणि आपल्या हातांत पाना धरण्याचे कसब आहे. येत्या उत्सवात प्रत्येक मंडळाने आपल्या मांडवात एक बादली, एक माप आणि एक फळा ठेवावा, एवढेच माझे मागणे आहे. आणि सभेला उभे राहण्यापूर्वी वक्त्याने मांडवामागचा नळ एकदा पाहून यावा. मी आज तो पाहूनच आलो आहे.

जय हिंद! जय महाराष्ट्र!